शंभर फक्त निर्मलसाठी

संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला आमच्या गल्लीत एक हाक ठरलेली असायची. "सुमन, पोट किती भरलं पाह्य व!" गल्लीत नवीन आलेला माणूस ती ऐकून दचकायचा. हाक मारणाऱ्या यमुनाकाकू आपल्या बांगड्यांच्या दुकानात एखाद्या गिऱ्हाइकाचा हात धरून बसलेल्या असत. ज्याच्या पोटाची चौकशी चालली आहे ते समोरच्या अंगणात कडुनिंबाखाली उभं असे, पिवळ्या रंगाची, विजेवर चालणारी एक छोटीशी मोटारगाडी. घर काकूंचं, अंगण काकूंचं, पुढच्या खोलीत भाड्यानं राहणारी मी. गाडीच्या काचेला नाक लावून मीटर वाचायचं काम त्यामुळे भाड्याबरोबरच माझ्याकडे आलं होतं.

"बहात्तर झालं, काकू!"

"राहू दे अजून."

थोड्या वेळानं मी ओरडायची, "ऐंशी!" की लगेच दुकानातून बांगड्यांचा खळखळाट आणि आरडाओरडा सुरू. "बंद कर, बंद कर! जास्त झालं त अजीर्ण होईन तिले!" मी बटण बंद करून प्लग काढेपर्यंत त्यांचा जीव खाली पडत नसे. मी सरकारी शाळेत हिंदी शिकवायची. माझ्या वर्गात एवढ्या तातडीनं माझं कुणी कधी ऐकलं नाही, जेवढं मी काकूंचं ऐकत होते.

काकूंच्या दोन्ही हातांत कोपरापर्यंत काचेच्या बांगड्या असत. काका जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि सुरुवातीला काही बायकांनी नाकं मुरडली. काकूंनी दुकानाच्या पायरीवरूनच निकाल लावला. "माह्याच हातात माल नाई दिसला त गिऱ्हाईक काय पाहून घेईन?" पुढे त्या बायकाही त्यांच्याकडूनच बांगड्या भरून घ्यायला लागल्या, आणि काकूही त्यांचे हात अगदी मायेनं दाबत.

त्यांची दुसरी सवय जेवणाची. भूक कितीही असो, ताटातल्या भाकरीचे शेवटचे दोन घास त्या मोडून बाजूला काढायच्या आणि गाईला घालायच्या. कितीही आग्रह करा, आवडीचं वांग्याचं भरीत असो नाहीतर लेकीच्या हातचे लाडू असोत, दोन घास कमीच. "पोट भराचं, गच्च नाई कराचं," असं म्हणून त्या उठत. डॉक्टरांनी कधी हे सांगितलं नव्हतं, पण काकूंना डॉक्टरकडे जाताना मीही कधी पाहिलं नाही.

या बाईला मोटारगाडी घ्यायची पाळी आली ती सरकारमुळे. नवं राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती, तेवढ्यात एका दसऱ्याला आमच्या आदिलाबाद जिल्ह्याचेही चार जिल्हे झाले. कचेऱ्यांतली कपाटं वाटली गेली, खुर्च्या वाटल्या गेल्या, आणि माणसंही वाटली गेली. काकूंची एकुलती एक लेक रेखा कचेरीत कारकून होती. नवरा आणि चिमी नावाची पाच वर्षांची पोरगी यांच्यासह ती आईकडेच राहायची. तिच्या नावापुढे निर्मल हा नवा जिल्हा आला. चार दिवसांत सामान टेम्पोत चढलं आणि मागची खोली रिकामी झाली.

"आंबा कापावा तसा जिल्हा कापला," काकू मला म्हणाल्या, "फोडी सगळ्यायले वाटल्या अन् कोय माह्याकडं ठेवली."

तसं निर्मल त्यांना नवं नव्हतं. दुकानात ठेवायला तिथली लाकडी खेळणी त्या पूर्वी मागवायच्या. पण मागवणं वेगळं आणि जाणं वेगळं. काकूंना डिझेलचा वास सहन होत नसे. बसमध्ये पाय ठेवला की मळमळ सुरू, आणि वाटेतलं गुडीहत्नूर येण्याआधी कंडक्टर, प्रवासी, काकू सगळेच हैराण. पहिल्या खेपेला त्या निर्मलला पोचल्या तेव्हा चिमीनं आजीला ओळखलंच नाही, इतका चेहरा उतरला होता. दोन दिवस नातीला मांडीवर घ्यायच्या ऐवजी त्या स्वतःच आडव्या होत्या. परत आल्यावर म्हणाल्या, "पोरीले भेटाले गेली अन् पोरीलेच माही सेवा कराले लावली. असं नाई चालाचं."

मग हैदराबादच्या कुणा डॉक्टरची वापरलेली विजेची गाडी विकायला आहे, असं त्यांच्या जावयानं कळवलं. धूर नाही, वास नाही, क्लच नाही, गियर नाही. काकूंनी वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी गाडी चालवायला शिकायचं ठरवलं. कापसाचा हंगाम नसताना बाजाराचं मैदान ओस असतं, तिथं जावयानं येऊन त्यांना आठवडाभर फिरवलं. पहिल्या दिवशी त्यांनी एका झाडाला आणि दुसऱ्या दिवशी त्याच झाडाला धडक दिली. "ते झाडच मंदी येऊन राह्यलं," असं त्यांचं म्हणणं होतं. पण आठवड्याच्या शेवटी त्या गल्लीत गाडी घेऊन शिरल्या तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. गाडीला आवाज नव्हता, म्हणून गल्लीतली कुत्री उठायची नाहीत. काकू खिडकीतून हात काढून बांगड्या वाजवत. त्या आवाजानं कुत्री उठायला शिकली आणि मीही.

गाडी देताना त्या डॉक्टरांनी काकूंना समोर बसवून बॅटरीची पथ्यं सांगितली होती. रोजच्या वापरात वीसच्या खाली जाऊ देऊ नका, ऐंशीच्या वर नेऊ नका. लांब जायचं असेल तेव्हाच शंभर भरा, आणि भरली की निघा, भरून ठेवू नका. उन्हात तापलेली गाडी लगेच चार्जिंगला लावू नका. हे सांभाळलंत तर बॅटरी टिकेल, नाहीतर दर वर्षी तिचा पल्ला कमी होत जाईल. बाकी कुणी असतं तर मान हलवून विसरलं असतं. काकूंना मात्र हे सगळं आपल्याच ताटातलं वाटलं. "म्हंजे माह्यासारखीच हाये की ही!" असं म्हणून त्या खूश झाल्या.

आणखी एक गोष्ट त्यांनी तिथंच विचारून घेतली होती. पूर्ण भरली तर ही गाडी निर्मलला पोचेल का? पोचेल, डॉक्टर म्हणाले, आणि वर वीसेक किलोमीटरचं बळ उरेल. ते वीस किलोमीटर काकूंच्या डोक्यात पक्के बसले. एकदा मीटर वाचता वाचता मी कंटाळून म्हटलं, "काकू, दोन टक्के इकडे-तिकडे झाले तर काय बिघडतं?" त्यांनी हातातलं गिऱ्हाईक सोडलं आणि माझ्याकडे पाहिलं. "ते वीस किलोमीटर सरले का चिमी मले दूर झाली, सुमन. बसनं मी जाऊ शकत नाई. रोज थोडं थोडं राखलं त रविवार हाये माहा." त्या दिवसापासून मी मीटर वाचण्यात कधी कुचराई केली नाही.

तेव्हापासून आठवडाभर ऐंशी, आणि रविवारी पहाटे शंभर. शनिवारी जेवणं झाली की काकू प्लग लावून झोपत, पहाटे उठून आंघोळ करत, गाडीच्या पुढच्या चाकाला हळदीकुंकू लावत आणि मीटरवर शंभर दिसला की गाडी थेट निर्मलच्या रस्त्याला. रात्री मुक्काम, लेकीच्या घरी गीझरच्या प्लगवर गाडीचं जेवण, आणि सोमवारी परत. परतीला घाट चढायचा असे, म्हणून वाटेत इच्चोड्याला एका ओळखीच्या हॉटेलात गाडी आधी सावलीत निववायची, मग तासभर प्लगला लावायची आणि तोवर चहा आणि गप्पा. त्या हॉटेलवाल्याच्या दोन्ही सुनांच्या हातांत काकूंच्याच बांगड्या होत्या.

शंभर फक्त निर्मलसाठी, हा नियम त्यांनी कुणासाठीही वाकवला नाही. गल्लीतल्या एका लग्नात नवरदेवाची वरात या गाडीतून काढायची टूम निघाली. फुलांचे हार आले, रोषणाईची माळ आली. नवरदेवाचा मामा म्हणाला, "काकू, गाडी फुल चार्ज करून ठेवा, वरात गावभर फिरंल." काकूंनी हार परत केले नाहीत, पण शांतपणे सांगितलं, "ऐंशीमंदी जेवढी वरात बसन तेवढी बसवा." वरात ऐंशीवरून निघाली आणि काकू स्वतः चालवायला बसल्या. मीटर पंचविसावर आला तेव्हा मारुतीच्या देवळापाशी त्यांनी गाडी घराकडे वळवली. नवरदेव आतच होता. बँडवाले सरळ गेले.

सगळी पथ्यं त्यांनी बरोबरच लावली असं मात्र नाही. आमच्याकडचा उन्हाळा म्हणजे कौलांवर पापड भाजावेत असा. काकू गाडी कडुनिंबाच्या सावलीबरोबर दिवसातून तीनदा सरकवत आणि वर टपावर ओलं पोतं टाकत. बॅटरी गाडीच्या बुडाशी असते, हे मी दहा वेळा सांगितलं. "डोकं थंड राह्यलं का पोट बी थंड राह्यते," हे त्यांचं उत्तर. गाडी बाहेरून आली की तासभर प्लग लावू देत नसत. "धावून आलेल्या बैलाले कोनी लगेच पानी देते का?" इथं मात्र त्या बरोबर होत्या, म्हणून मी पोत्याचंही सोडून दिलं.

पण एक चूक त्यांच्या हातून अशी झाली की ती दुसऱ्या कुणाच्या हातून झाली नसती. काकू दर एकादशीला उपास करत. गाडी घरची झाल्यावर पहिली एकादशी आली, तेव्हा संध्याकाळी हाक आली नाही. मीच विचारायला गेले. काकू साबुदाण्याच्या ताटावरून म्हणाल्या, "आज तिचा बी उपास हाये." मला हसू आवरेना. पण त्या गंभीर होत्या. आपण उपास करायचा आणि गाडीनं तेवढं खायचं, हे त्यांच्या मनाला पटत नव्हतं. द्वादशीला सकाळी पारण्याच्या वेळी आधी गाडीला प्लग, मग स्वतः जेवण. कधी साठ असे, कधी सत्तर, त्यामुळे काही बिघडलं नाही आणि गाडी धार्मिक आहे असा गल्लीत लौकिक झाला.

मग एका एकादशीला तामसी या जवळच्या गावी माझ्या भावाच्या मुलीचा चुडा भरायचा होता. नवरीच्या हातात हिरवा चुडा काकूंनीच भरायचा, हे माझ्या वहिनीनं ठरवून टाकलं होतं. गाडी आदल्या दिवशीच बरीच फिरलेली, मीटरवर चाळीसच. मी म्हटलं, "काकू, थोडी भरून घेऊ." काकूंनी कानांवर हात ठेवले. "एकादशी हाये!" आम्ही गेलो, चुडा भरला, बायकांनी गाणी म्हटली, आणि परतताना काकूंना वाटेत दोन ठिकाणी बोलावणं आलं, कारण बांगड्यांची पेटी दिसली की कुठल्या गावातल्या बायका सोडतात? आदिलाबादच्या अलीकडे गाडी जी थांबली ती थांबलीच.

कापूस उतरवून परत चाललेल्या एका बैलगाडीला दोर बांधून आम्ही शहरात शिरलो. पुढे बैल, मागे पिवळी मोटार, स्टिअरिंगवर काकू. चौकातला एक व्यापारी हसून म्हणाला, "माताजी, पेट्रोल डलवाओ!" काकूंनी खिडकीतून त्याला सुनावलं, "उपवास है उसका!" घरी पोचलो, आणि सकाळी पारण्याला करेंट गेला. तो गेला तो दुसऱ्या दिवशी दुपारी आला. तोवर गाडी रिकाम्या पोटी उभी होती आणि काकू तिच्या शेजारी पाटावर बसून होत्या. स्वतः जेवल्या नाहीत. मी खूप सांगितलं. "ते लेकरू उपाशी हाये अन् मी कशी जेवू?" एवढंच म्हणाल्या. निर्मलहून बसनं परतल्या होत्या तेव्हासारखाच त्यांचा चेहरा उतरला होता आणि मला फार वाईट वाटलं.

पुढच्या रविवारी त्या निर्मलला पोचल्या, पण वर उरणाऱ्या वीस किलोमीटरमधले पाच-सात कमी झाले होते. सोमवारी परत आल्यावर त्यांनी दुकानाच्या पायरीवर जाहीर केलं, "लेकरायले अन् गाडीले उपास नसते." त्यानंतर गाडीनं एकही एकादशी केली नाही.

वर्षं गेली. पथ्यं होती म्हणून बॅटरी टिकली, पण म्हातारपण कुणाला चुकतं? उरणारं बळ दहावर आलं, मग पाचावर. काकू काचा बंद ठेवून, थंड हवेचं बटण न दाबता, मागून ट्रकवाले शिव्या घालत असताना सावकाश जायच्या. निर्मलच्या अलीकडचा घाट उतरताना गाडी स्वतःच थोडी वीज परत कमावते, हे त्यांना कळलं तेव्हा त्यांनी घाटाला नारळ फोडला. जावई म्हणाले, आता पुरे, वाटेत कुठं बंद पडली तर? काकूंनी पुढच्या रविवारी पहाटे पुन्हा चाकाला हळदीकुंकू लावलं. चिमी तोवर बरीच मोठी झाली होती, आणि तिनं आजीचा एकही रविवार रिकामा पाहिला नव्हता.

मग नव्या जिल्ह्यांप्रमाणे नोकरदारांची पुन्हा एकदा वाटणी झाली. रेखाचं नाव आदिलाबादला आलं. काकूंनी गल्लीभर पेढे वाटले, मागची खोली सारवून घेतली, आणि गाडीच्या टपावरचं पोतं काढून टाकलं. "सुटली एकदाची बिचारी," म्हणाल्या. मी पेढा तोंडात घालत होते तेवढ्यात माझ्याही शाळेतून निरोप आला. माझं नाव निर्मलच्या यादीत होतं.

मला निर्मलमध्ये ओळखीचं कुणी नव्हतं. माझं लग्न झालेलं नाही, आईवडील नाहीत, भाऊ त्याच्या संसारात, आणि इतक्या वर्षांत काकूंचं अंगण हेच माझं माहेर झालं होतं. हे मी त्यांना सांगितलं नाही, मी सामान बांधत बसले. निघायच्या दिवशी काकूंनी मला गाडीतून बसस्टँडवर सोडलं, नाकाला पदर लावून बस सुटेपर्यंत उभ्या राहिल्या. मी खिडकीतून म्हटलं, "काकू, याल ना निर्मलला?" त्या म्हणाल्या, "गाडी म्हातारी झाली बापा. पाहू." बस हलली. मी हसून हात हलवला, पण गुडीहत्नूर येईपर्यंत मला खिडकीबाहेरचं काही नीट दिसत नव्हतं.

निर्मलमधला माझा पहिला रविवार. भाड्याची खोली, ओळख नसलेली भांडी, आणि काय शिजवावं याचाही कंटाळा. मी भरीत करायला वांगं भाजत ठेवलं होतं. खालून घरमालकीण तेलुगूत ओरडली, "टीचरम्मा, एवरो वच्चारु!" कुणीतरी आलंय. माझ्याकडे कोण येणार? गाडीचा आवाज नव्हता, रिक्षाचाही नव्हता. आणि मग काचेच्या बांगड्या वाजल्या.

मी जिना कशी उतरले मला आठवत नाही. दारात पिवळी गाडी, चाकाला हळदीकुंकू, आणि खिडकीतून बाहेर काढलेला तो हात. मी रडत होते आणि रागावतही होते. "काकू, हे काय! जावई नको म्हणाले होते ना? वाटेत बंद पडली असती तर? आता रेखा इथं नाही!"

"त काय झालं?" काकू गाडीतून उतरत म्हणाल्या. "शंभर निर्मलसाठीच असते. किती वर्षं सांगून राह्यली तुले. रेखा होती तवा रेखासाठी, आता तू हायेस."

मी काचेतून मीटर पाहिला, सवयच तशी. दोन. शंभरातले दोन उरले होते. एवढी वर्षं थेंबाथेंबानं राखलेलं सगळं बळ त्यांनी त्या सकाळी माझ्यासाठी खर्च केलं होतं. मी घाईनं प्लगची वायर शोधायला लागले. काकूंनी माझा हात धरला. "थांब व, आधी निवू दे तिले." मग त्यांनी पेटी उघडली, मला जिन्याच्या पायरीवर बसवलं, आणि गाडी निवेपर्यंत माझ्या हातांत हिरव्या बांगड्या भरत राहिल्या. घरमालकीण पाहायला आली तर तिचाही हात धरला.

जेवायला बसलो. भरीत किंचित जळलं होतं. काकूंनी भाकरी संपवली, शेवटचा तुकडाही खाल्ला, आणि ताट पुढे केलं. मी चकित होऊन पाहत राहिले.

"काकू, दोन घास?"

"माहे दोन घास आज गाडीनं राखले," काकू म्हणाल्या. "वाढ अजून."